तुरीचे पाच दाणे

दारव्हा, जि. यवतमाळ
१५ जून

चि. प्राजू हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाची प्रश्नावली दोनदा वाचली. शेतकऱ्याला आपलं किती आपल्या हातात वाटतं, हा विषय चांगला आहे. पण ही अशीच घेऊन गावात गेलीस तर माणसांच्या मनाऐवजी त्या वर्षीचा पाऊस मोजून येशील. म्हणून लगेच लिहायला बसले.

आधी शब्दाचं बघ. 'नियंत्रण' हा शब्द तुझ्या चाळीसपैकी अकरा वाक्यांत आहे. गावात कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान, आणि नियंत्रण म्हणजे फवारणीच्या पत्रकातलं कीड नियंत्रण. लोक म्हणतात 'हातात असणं', 'आपल्या हातचं'. तेच वापर. फक्त 'आपल्या हातात काय हाय बाप्पा?' हे वाक्य कानावर पडलं की लगेच 'बाह्य', म्हणजे सगळं नशिबावर किंवा दुसऱ्यांवर टाकणारा, या रकान्यात टाकू नकोस. आपल्याकडे ते बोलायची सुरुवात करताना म्हणतात. पीक चांगलं असलं तरी कोणी छातीठोक सांगत नाही, दृष्ट लागते. 'देवानं देल्लं' म्हणणारा माणूस पहाटे पाचला वावरात असतो.

आता मोजमाप. मानसशास्त्रज्ञ ज्युलियन रॉटरची १९६६ ची प्रश्नावली तू जवळजवळ तशीच उतरवलीस. तिच्यात २९ जोड्या आहेत, त्यातल्या ६ नुसत्या भरतीच्या. गुण २३ जोड्यांनाच. गुण जितके जास्त तितका माणूस बाह्य, म्हणजे जे घडतं ते नशिबानं किंवा दुसऱ्यांमुळे असं मानणारा. तुझ्या तक्त्यात ही दिशा उलटी पडली आहे, आधी ती सुधार. शिवाय त्या जोड्यांत परीक्षेचे गुण, मास्तरांचा न्याय, युद्धं, सरकारवर सामान्य माणसाचा प्रभाव असे विषय येतात. ती अमेरिकेतल्या कॉलेजच्या पोरांसाठी ठीक होती. रॉटरनं १९७५ मध्ये स्वतःच तक्रार केली, की अंतर्गत, म्हणजे आपल्यावर घेणारा, तो चांगला आणि बाह्य तो वाईट असं लोक समजून बसले. तुझ्या दुसऱ्या प्रकरणात नेमकी हीच चूक आहे.

त्यापेक्षा हॅना लेव्हनसन या मानसशास्त्रज्ञ बाईची मांडणी घे. तिनं 'बाह्य' फोडून दोन केले: बलवान दुसरे आणि योगायोग. २४ वाक्यं, प्रत्येक भागाला ८, उत्तर उणे ३ ते अधिक ३, मध्ये शून्य नाही. बेरजेत २४ मिळवायचे, म्हणजे प्रत्येक भागाचे गुण ० ते ४८ मध्ये येतात. आपल्याकडे ही फोड फार कामाची. भाव व्यापारी ठरवतो म्हणणं आणि पाऊस नशिबात असतो म्हणणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात रागाला, संघटनेला, दुसऱ्या बाजारात माल न्यायला जागा उरते. गुरिन आणि सहकाऱ्यांना १९६९ मध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांत हेच दिसलं: व्यवस्थेला दोष देणारे हातपाय गाळून बसलेले नव्हते, उलट सामूहिक कृतीत तेच पुढे होते. रॉटरच्या मापात मात्र ते नुसते 'बाह्य' ठरले असते.

उणे-अधिकचा सहा पायऱ्यांचा कागद चालणार नाही. लोक टोकाचीच उत्तरं देतील, नाहीतर पाहुण्या पोरीला वाईट वाटू नये म्हणून सगळ्यालाच 'बराबर हाय' म्हणतील. नकारार्थी वाक्यं तर काढूनच टाक. 'माझ्या हातात काहीच नाही' यावर कोणी 'नाही' म्हटलं तर ते 'हो, नाहीच' असतं की 'तसं नाही' असतं, हे रात्री टेपवर ऐकून ठरवता येत नाही.

त्याऐवजी तीन वाट्या ठेव: आपण, दुसरे, नशीब. पहिल्यांदा सुचेल ते असं, की दहा दाणे द्यावेत आणि तिन्हींत वाटायला सांगावेत. तसं करू नकोस. बेरीज बांधलेली असली की एका वाटीत दाणे वाढले म्हणजे दुसरीत कमी होणारच, आणि मग तिघांचा आपसातला संबंध तू शोधतेस तो तुझ्याच नियमानं तयार झालेला असतो. प्रत्येक वाटीसाठी तुरीचे पाच-पाच दाणे वेगळे दे. शून्य ते पाच, जितके वाटतील तितके टाकू दे. मेहनत पाच आणि नशीबही पाच, असं उत्तर शेतकरी देतो आणि ते खरं असतं.

आता मुख्य गोष्ट. 'माझ्या पिकाचं यश माझ्यावर अवलंबून आहे' हे सातवं वाक्य खोड. हंगाम ही एक गोष्ट नाही, तिचे तुकडे कर आणि तुकड्यागणिक वाट्या पुढे ठेव. घरच्या सोयाबीनची उगवण घे. शंभर दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ओली ठेवायची, सहा-सात दिवसांनी मोजायचे. सत्तरच्या खाली आले तर बियाणं वाढवायचं किंवा बदलायचं. हे पूर्ण हातातलं आहे. पेरणीची तारीख अर्धी हातात: ७५ ते १०० मिलिमीटर पडेपर्यंत थांबा हा सल्ला सगळ्यांना पाठ असतो, पण शेजाऱ्याची तिफन चालू झाली की थांबवत नाही. कपाशीवर गुलाबी बोंडअळीचा पतंग येणं हातात नाही, पण आला हे कळणं हातात आहे. एकरी दोन कामगंध सापळे (वासानं नर पतंग ओढणारे), सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ पतंग, की फवारणीचा विचार. भाव आणि पाऊस हातात नाहीत.

प्रत्येक तुकड्याला दोन प्रश्न लाव: हे कोणाच्या हातात, आणि मागच्या हंगामात तुम्ही काय केलं. पाऊस नशिबाच्या वाटीत टाकणारा शेतकरी वास्तव सांगतोय. उगवण चाचणीही नशिबाच्या वाटीत टाकतो त्याच्याशी बोलत बस. चाचणी कोणी दाखवलीच नाही, की करूनही एकदा फसली, ते विचार. तुझा प्रबंध तिथे आहे, बेरजेत नाही.

सेलिगमन आणि मायरच्या कुत्र्यांवर पाच पानं लिहिलीस, की न टाळता येणारे विजेचे झटके बसलेले कुत्रे पुढे सुटकेची धडपडच सोडतात, असहायता शिकतात. पण १९६७ वरच थांबलीस. त्याच दोघांनी २०१६ मध्ये आपलं म्हणणं उलटवलं: लांबलेल्या त्रासापुढे गप्प पडणं ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया आहे, शिकावं लागतं ते आपल्या हातात काही आहे हे. त्यामुळे 'असहायता शिकलेले शेतकरी' हे शीर्षक काढ. वृद्धाश्रमातल्या झाडांचा लँगर-रॉडिन प्रयोगही जपून सांग. कुंडीतलं झाड आणि रोजचे निर्णय ज्यांच्याकडे दिले त्या गटात दीड वर्षानं ४७ पैकी ७, आणि सगळं कर्मचारीच बघत त्या गटात ४४ पैकी १३ वारले, हे सगळे लिहितात. १९७८ ची दुरुस्ती कोणी वाचत नाही. फरकाचं माप ३.१४ नसून १.७४ होतं, म्हणजे नेहमीच्या १.९६ या मर्यादेच्या आतच, फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो.

सहा आठवड्यांचं आत्मविश्वास शिबिर घेऊन निघून यायचा तुझा बेत आहे ना, त्यावर शुल्झ वाच. १९७६ मध्ये त्यानं वृद्धांना भेटायला विद्यार्थी पाठवले. भेट केव्हा आणि किती वेळ हे ज्यांच्या हातात होतं, किंवा निदान आधी ठाऊक होतं, ते सुधारले. भेटी थांबल्यावर तेच इतरांहून जास्त ढासळले. तू निघाल्यावर जे गावात उरणार नाही ते देऊ नकोस. गोणपाट उरतं.

वेळेचंही पाळ. तामिळनाडूत ४६४ ऊस शेतकऱ्यांना तोडणीआधी आणि नंतर तपासलं (२०१३ चा अभ्यास), तर तीच माणसं पैसा हाती आल्यावर बुद्धीच्या चाचणीत चांगली निघाली. एक गाव जूनमध्ये आणि दुसरं दिवाळीनंतर केलंस, तर तुलना गावांची न होता खिशांची होईल. दोन्ही गावं आषाढात कर, आणि तीच माणसं कापसाच्या दुसऱ्या वेचणीनंतर पुन्हा.

बायांना घरी विचारू नकोस. 'दुसरे' या वाटीतली माणसं तिथेच बसलेली असतात. निंदणाच्या दुपारच्या सुटीत, धुऱ्यावर, एकेकीला. पैसा कोणाजवळ राहतो हा प्रश्न शेवटी.

आणि कोणी बोलता बोलता 'आता जगून काय करायचं' अशा वळणावर आलं, तर वाट्या बाजूला ठेव. फॉर्म अपुरा राहू दे. सरळ विचार, जिवाचं काही मनात येतं का. विचारल्यानं मनात भरत नाही. एकटं सोडू नकोस, घरातल्या विश्वासाच्या माणसाला बोलाव, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदत-फोनचा १४४१६ तिथेच लावून दे. हा नंबर प्रत्येक फॉर्मच्या मागे छापून घे.

आधी पाच जणांवर करून बघ, त्यात दोन बाया आणि एक ठोक्यानं, म्हणजे भाड्यानं, वावर करणारा असू दे. फॉर्म भरलेस की झेरॉक्स पाठव, मोबाईलवरचे फोटो मला वाचता येत नाहीत.

तुझी
आई