सोफ्यावरचा म्हातारा

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं रोमेओ कास्तेलुच्ची या इटालियन दिग्दर्शकाच्या नाटकाचं चित्रीकरण पाहिलं. 2011 मध्ये पॅरिसला देवाची टिंगल केली म्हणून काही कट्टर ख्रिस्ती लोक रंगमंचावर चढून प्रयोग बंद पाडायला निघाले, ते नेमकं कशावरून, असं तू विचारलंयस. मला वाटतं, ती माणसं रंगमंचाच्या मागच्या भल्यामोठ्या ख्रिस्ताच्या चित्राकडेच बघत राहिली. पुढे सोफ्यावर काय चाललंय ते त्यांनी बघितलंच नाही.

तिथे कामावर निघालेला मुलगा आहे, आणि म्हाताऱ्या बापाला जुलाब लागलेत. मुलगा गुडघ्यावर येऊन पुसतो, डायपर बदलतो, हसून धीर देतो. पुन्हा तेच होतं. पुन्हा पुसतो. तिसऱ्यांदा मात्र ओरडतो. बाप रडत माफी मागतो, आणि आपल्याला कुठे बघावं कळेनासं होतं. प्रेक्षागृहात तर वासही सोडायचे म्हणे! आन्तोनेल्लो दा मेस्सिना या इटालियन चित्रकाराने पंधराव्या शतकात रंगवलेला तो ख्रिस्ताचा चेहरा एवढा वेळ आपल्याकडेच बघत असतो. मदतीला येत नाही, पण नजरही फिरवत नाही. यात देवाची टिंगल कुठे आहे? उलट मुलगा थकून जातो तो त्या चेहऱ्याजवळच.

पुढे म्हातारा कॅनमधलं तपकिरी पाणी स्वतःच पलंगावर ओततो. सगळं खोटं होतं हे उघड दाखवलं, तरी पोटातला गोळा जात नाही. मला सगळ्यात आवडलं ते हेच. काही प्रयोगांत मुलं दप्तरातून हातबॉम्ब काढून चेहऱ्यावर फेकतात, ते मात्र मला जरा जास्त झालं. शेवटी बायबलच्या तेविसाव्या स्तोत्रातला मेंढपाळ अक्षरांत येतो, ‘तू माझा मेंढपाळ आहेस’, आणि मध्येच अंधुक ‘नाहीस’ दिसतं. तेवढं पुरे होतं.

तुझ्या नाटकात देवाची तसबीर ठेवायची की नाही, ते तू ठरव. पण मुलाला श्रावणबाळ करू नकोस. आणि पुसण्याचा प्रवेश लांबतोय म्हणून कापू नकोस, कंटाळा येऊ दे. तुझ्या आजीचं मी सगळं केलं, मला माहीत आहे कितव्या चादरीला माणूस चिडतो. माझ्यावर ती वेळ आली तर खुशाल चिड, आणि ऐपत असेल तर माझं करायला बाई ठेव. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे.

प्रयोगाची तारीख कळव. तिकीट मागच्या रांगेतलं काढ, पुढे बसलं की मान अवघडते.

तुझी,
आई