सुध्याला, बफरच्या भानगडीबद्दल

प्रिय सुध्या,

तुझ्या मागच्या पत्राला उत्तर दिलं नाही, माहीत आहे. शिव्या एकरकमी घाल. तब्येत बरी, पाठ कुरकुरते, गोळ्या चालू. आज लिहितोय ते आपल्या सी प्रोग्रॅममधल्या जुन्या बफरपायी, म्हणजे मजकूर साठवायच्या मेमरीच्या त्या वाढत्या तुकड्यापायी. घरात सांगायला गेलो तर "बंद करून चालू केलंस का?" एवढंच ऐकायला मिळालं.

झालं असं की नंद्याने बफरमधलाच मजकूर उचलून त्याच बफरच्या शेपटीला जोडला. म्हणजे जोडायच्या फंक्शनला स्रोत म्हणून आतलाच पॉइंटर (मेमरीतला पत्ता) दिला. फंक्शन तुला पाठ आहे: जागा पुरते का बघ, नसेल तर रिॲलॉकने ब्लॉक वाढव, मग मेमकॉपीने स्रोताचे बाइट शेवटी उतरव. ब्लॉक जागच्या जागी वाढला तर सगळं आलबेल. नाही वाढला तर रिॲलॉक मजकूर दुसरीकडे नेतो, जुनी जागा सोडून देतो, आणि आपला स्रोत अजून त्या सोडलेल्या जागेकडेच बोट दाखवत असतो.

आता गंमत ऐक. जोडलेल्या तुकड्याचे पहिले 16 बाइट कचरा आणि सतराव्यापासून अक्षर न् अक्षर बरोबर! नंद्या एन्कोडिंगवर खापर फोडत बसला होता. मी हेक्स डंप (मेमरीतले बाइट आकड्यांत) उघडला आणि तू शेजारी हवा होतास असं वाटलं. 64 बिटवर जीलिबसी ही लिनक्सवरची सी लायब्ररी फ्री झालेल्या, म्हणजे सोडून दिलेल्या, लहान ब्लॉकच्या सुरुवातीलाच आपली नोंद करते ना: 8 बाइट पुढच्या मोकळ्या ब्लॉकचा दुवा, 8 बाइट दोनदा फ्री केलेलं पकडायची खूण. तेवढंच पुसलं गेलं होतं, बाकी मजकूर जसाच्या तसा पडून. ॲड्रेस सॅनिटायझर या मेमरीच्या चुका पकडणाऱ्या साधनाने मात्र पहिल्या फटक्यात मेमकॉपीची ओळ दाखवली, कारण त्याचा रिॲलॉक दर वेळी जागा बदलतोच.

इतकी वर्षं हे दडून राहिलं ते तुझ्या लाडक्या दुप्पटीमुळे, म्हणजे जागा संपली की बफर दुप्पट करायच्या पद्धतीमुळे. दीडपट वाढ ठेवली असती तर बफर जास्त वेळा हलला असता आणि किडा लवकर सापडला असता. युक्तिवाद लंगडा आहे, कळतंय मला. पण मूळ मुद्दा मी सोडलेला नाही: 16, 32, 64 बाइटचे जुने ब्लॉक सोडून दिले तरी बेरीज 112, आणि तुला हवेत 128. दुप्पटीत मागच्या जागा एकत्र करूनही पुढची मागणी कधीच भागत नाही. गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात दीडपटच वापरतात. आणि रेडिस डेटाबेस 1 एमबीपर्यंत दुप्पट करतो हे सांगायला येशील, तर त्यापुढे तो फक्त 1 एमबीच जास्तीचा ठेवतो, हेही सांग.

असो. घोडं अडलंय ते दुरुस्तीपाशी. स्रोत बफरच्या आत आहे का हे आधी बघायचं, असेल तर ऑफसेट, म्हणजे बफरच्या सुरुवातीपासूनचं अंतर, धरून ठेवायचा आणि रिॲलॉकनंतर पॉइंटर नव्याने काढायचा, हे सरळ दिसतं. पण वेगवेगळ्या ऑब्जेक्टचे पॉइंटर लहान-मोठे म्हणून ताडून बघणं सीच्या मानकात बसत नाही, आणि तू ते वाक्य मला कलमासकट ऐकवणार. फक्त बरोबरी तपासायची मुभा आहे, म्हणजे बफरचा एकेक पत्ता स्रोताशी जुळवत बसायचं. तू ते करशीलही! मी पत्ते युइंटपीटीआरटीत, म्हणजे साध्या पूर्णांकात, कास्ट करून (बदलून) ताडून मोकळा होईन. आपल्या सगळ्या मशीनवर ते चालतं.

दुसरा रस्ता: रिॲलॉकच नको. मॅलॉकने नवीन ब्लॉक घ्यायचा, जुनं कॉपी, स्रोत कॉपी, आणि सगळ्यात शेवटी जुनं फ्री. तुलनेचा प्रश्नच उरत नाही, आणि मॅलॉक फसला तर जुना बफर शाबूत. मला हे आवडलं होतं. मग आपल्या मोठ्या फाइली आठवल्या. लिनक्सवर रिॲलॉक मोठे ब्लॉक एमरीमॅपने, म्हणजे फक्त पत्त्यांची नोंद बदलून, हलवतो, मजकुराची कॉपी होतच नाही. ते सुख घालवून वर काही वेळ दोन्ही ब्लॉक मेमरीत बाळगायचे? एका नंद्यासाठी?

"आतला पॉइंटर देऊ नये" अशी कॉमेंट टाकून सोडून द्या, असं भाऊ म्हणतात. कॉमेंट वाचतो कोण? व्हीएसएनप्रिंटएफ (मजकूर जुळवणारं फंक्शन) दुसऱ्यांदा बोलावण्याआधी व्हीएकॉपी (अर्ग्युमेंटच्या यादीची प्रत) करा, हे तू ठळक लिहून ठेवलं होतंस, तरी काय झालं ते आठव.

माझा कल ऑफसेटकडे आहे, कास्टसकट. पण त्या फाइलीला तुला न विचारता हात लावला तर तू जन्मभर ऐकवशील, म्हणून अजून अडवून ठेवलंय. नंद्या रोज विचारतो.

घर बदललंस असं भाऊंकडून कळलं. नवा पत्ता कळव. पिंट्याचा निकाल लागला का? वहिनींना नमस्कार. आणि आधी बफरचं लिही, बाकी सावकाश.

तुझा,
बाळ्या