पाकिटाच्या मागची बारीक अक्षरे : पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यावरणमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात मी पाण्याने भरलेल्या दोन बरण्या घेतल्या. एकीत टॉयलेट पेपरचा तुकडा टाकला आणि दुसरीत, पाकिटावर ‘फ्लश करता येतो’ असे छापलेला ओला वाइप, म्हणजे पुसण्यासाठीचा ओलसर, कापडासारखा तुकडा. थोडे ढवळताच कागदाचा लगदा झाला. वाइप दुसऱ्या दिवशी सकाळीही जसाच्या तसा होता, पिळून पुन्हा वापरता आला असता इतका. अनेक वाइप्समध्ये प्लॅस्टिकचे धागे असतात, ते सांडपाण्यातल्या चरबीला धरून बसतात आणि वाहिन्या तुंबतात. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ साली चरबी आणि वाइप्स यांचा असा सुमारे २५० मीटर लांब आणि १३० टन वजनाचा गोळा सापडला होता.

‘ग्राहकांनी सवयी बदलाव्यात’ असे आपले खाते वारंवार सांगते. सवय बदलायला आमची हरकत नाही, परंतु हातातल्या वस्तूत काय आहे हेच कळत नसेल, तर बदलायचे काय? चेहरा घासण्याच्या क्रीममधले कण चिमटीत चोळले की काही विरघळतात, काही विरघळत नाहीत. न विरघळणारे कण पॉलिइथिलीन या प्लॅस्टिकचे आहेत की फळाच्या कवचाचे, हे बोटांना कळत नाही आणि पाकिटामागची अक्षरे भिंगाशिवाय वाचता येत नाहीत. अमेरिकेने धुऊन टाकण्याच्या प्रसाधनांतल्या अशा प्लॅस्टिक कणांवर बंदी घालणारा कायदा २०१५ सालीच केला.

‘जंतुनाशक’ या शब्दाचेही तसेच आहे. साबणाच्या रेणूचे एक टोक तेलाला आणि दुसरे पाण्याला धरते, त्यामुळे मळ व जंतू त्वचेवरून सुटून पाण्याबरोबर वाहून जातात. त्यासाठी वीस सेकंद नीट चोळणे पुरते. ट्रायक्लोसानसारखी जंतुनाशक द्रव्ये घातल्याने घरगुती वापरात साध्या साबणापेक्षा अधिक फायदा होतो, हे उत्पादकांना दाखवता आले नाही, म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ साली अशी १९ द्रव्ये हात आणि अंग धुण्याच्या उत्पादनांतून वगळायला लावली.

याचा अर्थ ‘नैसर्गिक’ लिहिलेले सारे निर्धोक, असा मात्र मी काढत नाही. सुगंधी वनस्पती-तेलांनीही अंगावर पुरळ उठू शकते. मासिक पाळीचा सिलिकोनचा कप वर्षानुवर्षे टिकतो आणि कचरा वाचवतो हे खरे, पण तो उकळायला स्वच्छ पाणी आणि थोडा एकांत लागतो. ज्या घरात या दोन्ही गोष्टी नाहीत, तिथे पॅड वापरणाऱ्या बाईला पर्यावरणाचे धडे देणे मला अप्रशस्त वाटते.

म्हणून मागणी एवढीच, की प्लॅस्टिक असल्यास तसा उल्लेख पाकिटाच्या दर्शनी बाजूस ठळक अक्षरांत असावा, ‘फ्लश करता येतो’ हे शब्द स्वतंत्र चाचणीशिवाय छापता येऊ नयेत आणि ‘पर्यावरणपूरक’ या शब्दाची व्याख्या नियमातच दिलेली असावी. असा मसुदा आपण हरकती-सूचनांसाठी खुला केलात, तर सुनावणीला मी त्या दोन बरण्या घेऊन येईन.

आपली नम्र,
एक ग्राहक