अटल सेतू माफ, त्रेचाळीस मीटर अडले

प्रति,
मा. सहकार मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई ४०००३२

महोदय,
सप्रेम नमस्कार.

गाडी बुक केलेली माणसं शोरूमला रोज फोन करून "कधी येणार?" विचारतात. मी गेले पाच आठवडे उलटं करतेय. शोरूममधून फोन येतो, "मॅडम, गाडी यार्डात उभी आहे, मुहूर्त सांगा," आणि मी म्हणते, "अजून थोडं थांबा." पाडव्याला बुकिंग केलं तेव्हा दसऱ्याला गाडी दारात असेल असं धरलं होतं. दसरा गेला, दिवाळीही गेली. परवा त्यांनी नम्रपणे सांगितलं की महिनाअखेरपर्यंत नेली नाही, तर ही गाडी रांगेतल्या पुढच्या माणसाला जाईल आणि माझा नंबर मागे. त्यांचंही चुकत नाही.

गाडी विजेची आहे. आणि माझ्या बिल्डिंगच्या मीटररूमपासून माझ्या पार्किंगपर्यंतचं अंतर आहे त्रेचाळीस मीटर. एवढी केबल ओढायला सोसायटीची एनओसी लागते, ती मिळत नाहीये.

हे पत्र परिवहन मंत्र्यांना किंवा ऊर्जा मंत्र्यांना का नाही, असं तुम्हाला वाटेल. त्यांच्याकडे माझी फारशी तक्रार नाही, म्हणून. २०२५ च्या ईव्ही धोरणात राज्याने विजेच्या गाड्यांना अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर टोलमाफी दिली. घरी गाडी चार्ज करायला घरगुती दरानेच वीज मिळेल, हे केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती होऊन ईव्हीसाठी वेगळी जोडणी मागायची सोय झाली, महानगरात नव्या जोडणीची मुदत सात दिवसांवरून तीन दिवसांवर आली. म्हणजे वीज तीन दिवसांत आणि अटल सेतूचे २१.८ किलोमीटर फुकटात. वीज कंपनीच्या खिडकीवर गेले तर तिथल्या मुलीने अर्ज चाळला आणि विचारलं, "सोसायटीचं पत्र?" तीन दिवस मोजायला सुरुवात होते ती त्या पत्रानंतर. माझं घोडं अडलंय ते सोसायटीत, म्हणजे तुमच्या खात्याच्या दारात.

आमची बिल्डिंग पार्ल्यातली, १९८७ सालची. चार मजले, खाली स्टिल्ट, म्हणजे खांबांमधली पार्किंगची मोकळी जागा. मीटररूम जिन्याखाली. दार उघडलं की आधी झाडू आणि फिनेलचा कॅन, मग लाकडी बोर्डावर मीटरांच्या रांगा, खाली पांढरे चिनीमातीचे फ्यूज. त्यातल्या दोनांना कुणीतरी जाडसर तार गुंडाळून ठेवलेली. वर गणपतीचं कॅलेंडर, तेही तीन वर्षांपूर्वीचं. चार्जर बसवणारा फिटर आला तेव्हा त्याने टॉर्च मारून हे सगळं पाहिलं आणि काहीच बोलला नाही, नुसता "हं" म्हणाला. मग टेप काढून मोजत निघाला. मीटररूमपासून पंपाच्या टाकीला वळसा, सेप्टिक टँकच्या झाकणावरून, वॉचमनच्या खुर्चीमागून सात नंबरच्या खांबापर्यंत त्रेचाळीस. "ठराविक मीटरपर्यंत कंपनीचं, पुढचं तुमचं," तो म्हणाला. वरची तांब्याची केबल, वेगळं अर्थिंग, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच), सगळ्याचा खर्च माझा. त्यालाही माझी ना नव्हती. खांबावर चार फुटांवर खडूने फुली मारली, तेव्हा मी म्हटलं, अजून वर घ्या, २६ जुलैला इथे कमरेएवढं पाणी होतं. त्याने पाच फुटांवर दुसरी फुली मारली.

आता कमिटीचं म्हणणं. ते हास्यास्पद आहे असं मी म्हणणार नाही. सेक्रेटरीकाका बँकेतून निवृत्त झालेले, प्रत्येक व्हाउचर दोनदा बघणारे. त्यांची पहिली भीती आगीची. २०२२ मध्ये विजेच्या स्कूटर पेटल्याचे व्हिडिओ सगळ्यांनीच पाहिलेत, आणि आमच्या डोक्यावर चार मजले आहेत. दुसरी भीती लोडची. सात किलोवॅटचा चार्जर म्हणजे साडेतीन गीझर एकदम, हा हिशेब त्यांनीच मला घालून दाखवला, आणि तो बरोबर आहे. पण माझं रोजचं जाणं-येणं वाशीपर्यंत, पन्नासेक किलोमीटर. त्याला साडेसात-आठ युनिट लागतात, म्हणजे रात्री तासाभराचं काम. एक दीड टनी एसी रात्रभर तेवढं खातोच. आमच्या बिल्डिंगमध्ये असे किती एसी आहेत ते मी गच्चीवरून मोजले, सव्वीस. त्यांतल्या एकालाही कुणी एनओसी मागितलेली मला आठवत नाही. हे बोलून दाखवलं त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या काकू माझ्याशी जिन्यात बोलल्या नाहीत.

तिसरा मुद्दा मात्र खराच अवघड आहे, आणि तो तुमच्याशिवाय कुणी सोडवू शकणार नाही. पार्किंग माझं नाही. स्टिल्टमधली जागा बिल्डरला विकता येत नाही, ती सामायिक, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मुंबईतल्याच एका प्रकरणात सांगितलं. सोसायटी फक्त वाटप करते. आमच्याकडे गाड्या जास्त, जागा कमी, म्हणून दरवर्षी चिठ्ठ्या टाकतात. उद्या मी सात नंबरला चार्जर बसवला आणि एप्रिलमध्ये चिठ्ठी बारा नंबरची निघाली तर? खांब उखडून न्यायचा? आणि माझ्यामागून आणखी आठ जणांनी आठ केबली ओढल्या, तर स्टिल्टचा कपडे वाळत घालायचा दोरखंड होईल, हे सेक्रेटरीकाकांचं वाक्य आहे आणि मला त्याला उत्तर सुचलं नाही.

उत्तर खरं तर आहे. मीटररूमचं एकदा परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून लोड ऑडिट, सगळ्यांसाठी एकच जाड मुख्य केबल आणि ट्रे, खांबाखांबावर सबमीटर, ज्याने वापरलं त्याने भरलं. पण हे माझ्यासारख्या एकट्या सभासदाने मांडलं की ते "तिच्या गाडीसाठी चाललंय" होतं.

सप्टेंबरच्या एजीएममध्ये तेच झालं. माझा विषय 'आयत्या वेळचे विषय' यात शेवटी. त्याआधी पाण्याच्या टँकरवर एक तास आणि कबुतरांच्या जाळीवर चाळीस मिनिटं. माझी पाळी आली तेव्हा बटाटेवडे आले. सोसायटीचा मतप्रवाह वड्यांकडे वळला आणि "पुढच्या बैठकीत विचार करू" असं इतिवृत्तात लिहिलं गेलं. नकार नाही. नकार लेखी मिळाला असता तर मी सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे गेले असते. पण नकारच नाही, तर दाद कशाची मागू? ना हरकत प्रमाणपत्रातला 'ना' तेवढा मला मिळालाय, तोही तोंडी.

नव्या इमारतींना ईव्हीची सोय करायचे नियम सरकारने केले, ते चांगलंच झालं. पण मुंबईत बहुतेक माणसं नव्या इमारतीत राहत नाहीत. ती आमच्यासारख्या जुन्या सोसायट्यांत राहतात, आणि तिथे उपविधी तुमचे चालतात.

तुमच्या हातात काय आहे, हे तुमच्या खात्यानेच मला शिकवलं. पुनर्विकासात कमिट्या मनमानी करत होत्या, तेव्हा सरकारने सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९-अ खाली ३ जानेवारी २००९ ला निर्देश काढले, आणि ४ जुलै २०१९ ला ते सुधारले. तशीच चार पानं चार्जिंगसाठी काढा. सभासदाचा अर्ज आला की तीस दिवसांत लेखी होकार, नाहीतर कारणांसह लेखी नकार. दोन्ही नसेल तर संमती धरली जाईल. सुरक्षेच्या अटी सरकारने ठरवाव्यात, म्हणजे कुणाही सेक्रेटरीला रात्री दोन वाजता स्कूटरच्या आगीचं स्वप्न पडणार नाही. ज्याच्या खांबावर चार्जर आहे त्याची जागा चिठ्ठीतून वगळायची की सामायिक चार्जरच करायचा, हेही एकदा लिहून टाका. वीमा कंपनीला काय कळवायचं, तेही. कमिटीला हो म्हणायला कागद हवाय, तो आज तिच्याकडे नाही.

या पत्राची प्रत काल रात्री सेक्रेटरीकाकांना नेऊन दिली. वाटलं चिडतील. चष्मा लावून त्यांनी पूर्ण वाचलं, 'वीमा'मधली वेलांटी पेनाने ऱ्हस्व केली (तुम्हाला पाठवायची प्रत आधीच पाकिटात होती, तेव्हा ती तशीच आहे) आणि म्हणाले, "मंत्रालयातून लेखी आलं ना, तर पहिली सही माझी."

आपली,
एक सभासद,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई