सनशाईन कशाला, ऊन म्हणा की!

संपादक साहेब, नमस्कार. परवा पुरवणीत ‘मॉर्निंग सनशाईन’ असं हेडिंग वाचलं आणि हसूच आलं, कारण ४० च्या पुढं पारा गेलेल्या सोलापुरात बसून वाचत होतो ओ. इंग्रजीत लाडक्या, हसऱ्या माणसाला पण सनशाईन म्हणतात, इकडं कुणाला ‘ये रे माझ्या उन्हा’ म्हणून बघा! त्यांच्याकडं ऊन कौतुकाचं, आपल्याकडं पाठ भाजणारं.

आपला ऊन शब्द संस्कृत ‘उष्ण’वरून, प्राकृतात ‘उण्ह’ होत आलेला, म्हणून तर ताटातला भातही ऊन-ऊन असतो. गंमत घामाची. मूळ ‘घर्म’ म्हणजे उष्णता, हिंदीत घाम म्हणजे ऊन आणि आपल्याकडं अंगातून निथळतो तो. त्यांची धूप आपल्या देवघरात जळते.

आमची आई गच्चीवर कुरडया घालताना आठच्या आत उरकायची, म्हणायची कोवळं आहे तोवर हात चालवा, मग चटका. कोवळं, तिरीप, कवडसा, रणरणतं, उन्हं कलली, एवढं सगळं असताना हेडिंगला सनशाईनच कशाला?

– एक वाचक, सोलापूर