शाळा नऊची झाली, झोप कुठे गेली?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी सिडकोत राहतो आणि शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतो. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा शासन निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाला. कारण होतं मुलांची झोप. तरी आजही साडेआठच्या फेरीला मागच्या सीटवरची निम्मी पोरं मान टाकून झोपलेली असतात. सकाळी मिळालेला तास घराघरांनी रात्री उडवून टाकला. "उद्या नऊचीच शाळा आहे ना" म्हणत दहाचे साडेअकरा झाले.

बालरोगतज्ज्ञ सांगतात, तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची धरून १० ते १३ तास झोप लागते, सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२. पहिलीतलं पोर सातला उठवायचं, तर रात्री दहाला ते गाढ झोपलेलं हवं, आणि तेही कमीत कमी. माझ्या गाडीतलं पोरगं मात्र मला आयपीएलची शेवटची ओव्हर चेंडूगणिक सांगतं!

सगळं खापर मोबाइलवर फोडणं सोपं आहे. माझ्या गाडीत अंबड-सातपूरच्या कारखान्यांतल्या कामगारांची मुलं बरीच. दुसरी पाळी सुटून बाप घरी येतो मध्यरात्रीच्या सुमारास, आणि पोरं त्याच्यासाठी जागी. त्याच्याच्यानंही "झोपा" म्हणवत नाही. लेकरांचं तोंड बघायचं तरी कधी? एका घरानं यावर तोड काढली. मुलीला साडेसातला जेवू घालून नऊला दिवे बंद. सकाळी बाप उठतो, तिची वेणी घालतो आणि व्हॅनपर्यंत सोडायला येतो. वेणी वाकडी असते, पोरगी टवटवीत. रविवारीही हीच वेळ पाळतात म्हणे. बाकीच्यांचा रविवार उधळलेला असतो, तो मला सोमवारी गाडीत दिसतो.

परतीच्या फेरीचं वेगळंच. चारच्या पुढे पोरं पेंगतात. दारात आया म्हणतात, "काका, उठवू नका, उचलून नेते." ते मूल सहाला उठतं आणि रात्री बारापर्यंत टक्क जागं, कारण झोपेची भूक संध्याकाळीच भागलेली. म्हणून मी परतीला कुणाला झोपू देत नाही. भेंड्या लावतो, पाढे म्हणवून घेतो. आयांना मी कठोर वाटतो. वाटू दे.

घरी सात महिन्यांची नात आहे. तिला रात्री झोप लागावी म्हणून गुटीत जायफळाचे दोन वेढे जास्त द्या, असं आमच्या हिचं म्हणणं. डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. जास्त जायफळ बाळाला बाधतं. त्यानं येते ती गुंगी. त्यापेक्षा रोज त्याच वेळी, त्याच क्रमानं अंग पुसणं, दूध, अंगाई, अंधार. आणि डोळे जड झाले की पूर्ण झोपायच्या आत अंथरुणावर पाठीवर ठेवायचं. पहिले दोन-तीन महिने बाळाला दिवस-रात्र कळत नाही, तेव्हा जागरणं आलीच. आता मात्र नात थोडी कुरकुरते आणि आपली आपण झोपते. सून नेटानं करते. आजीचा जीव खालीवर होतो, तो भाग वेगळा.

लाउडस्पीकर रात्री दहा ते सकाळी सहा बंद, हा नियम २००० सालचा. लग्नसराईत त्याची आमच्या भागातल्या लॉन्सवर कुणी आठवण करून दिली तर बरं. आणि पाचवीच्या पुढच्या मुलांना मी अजूनही पावणेसातच्या आत उचलतो. नऊच्या निर्णयात ती नाहीत. त्यांना काय झोप लागत नाही?

जूनमध्ये नवीन मुलं घेताना मी पत्ता, फोन आणि रक्तगट लिहून घेतो. यंदा रात्री निजायची वेळही विचारणार आहे. शाळांनीही ती प्रवेशाच्या फॉर्मवर विचारावी.

— एक व्हॅनचालक, सिडको, नाशिक