कारखान्यात चालतं, ते गावात का नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जागतिक मानसिक आरोग्य दिन आला की १० ऑक्टोबरला व्याख्यानं होतात, पोस्टर लागतात आणि 'मनमोकळं बोला' असा सल्ला मिळतो. कोल्हापूरच्या माणसाला बोलायची अडचण कधीच नव्हती. कट्ट्यावर बसलं की सगळं निघतं. अडचण बोलून झाल्यावर सुरू होते.

मी शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये सुपरवायझर आहे. मला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी टिकवणं मेंदूला जड जातं, हे चाळिशी जवळ आल्यावर मानसोपचारतज्ज्ञांकडून कळलं. तोवर माझी ओळख वेंधळा, धांदरट, आरंभशूर अशी होती. तालमीतल्या दोस्ताला सांगितलं तर तो म्हणाला, "मर्दा, तुला काय धाड भरलीया? चार दिवस गावाकडं जा, दोन वेळ मटण खा, डोकं आपोआप ठिकाणावर येतंय." मायेनंच म्हणाला, आणि त्या रात्री मटणही त्यानंच खायला घातलं. मटणाबद्दल माझी काही तक्रार नाही.

पण एडीएचडी, स्वमग्नता (ऑटिझम), अध्ययन अक्षमता या गोष्टी टेन्शननं येत नाहीत आणि विश्रांतीनं जात नाहीत. मेंदूची घडणच तशी असते; हल्ली अशा लोकांना न्यूरोडायव्हर्जंट म्हणतात. चिंता आणि नैराश्य हे अनेकदा त्यावर चढत गेलेलं व्याज असतं. पहिलीपासून रोज "लक्ष कुठं असतंय तुझं?" ऐकत मोठं झालेल्या माणसाचं पुढं काय होतं, हे सांगायला तज्ज्ञ कशाला हवा?

आमच्या शॉपमध्ये कुठलंही काम कुणाच्या लक्षात राहण्यावर सोडलेलं नसतं. फौंड्रीतून कास्टिंग आलं की सोबत जॉबकार्ड येतं. मशीनशेजारी ड्रॉइंग टांगलेलं असतं. सेटिंग बदललं की पहिला जॉब क्वालिटीवाल्यानं पास केल्याशिवाय लॉट चालू होत नाही. भोकाचं माप नुसत्या नजरेनं कुणी ठरवत नाही, गो-नोगो गेज घालून बघतात. आणि या सगळ्यात मला आवडते ती फिक्श्चरवरची, म्हणजे जॉब पकडून ठेवणाऱ्या साच्यावरची, एक बारकी पिन. जॉब उलटा ठेवायला गेलं की ती आडवी येते, जॉब बसतच नाही. रात्रपाळीला पहाटे ऑपरेटरच्या डोळ्यांवर झापड असते. तेव्हा त्याला 'नीट लक्ष दे' सांगून उपयोग नसतो, हे मालकापासून हेल्परपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून ती पिन. आमच्या लाइनीत याला पोकायोके म्हणतात. शिगेओ शिंगो या जपानी इंजिनिअरनं १९६०च्या दशकात ही पद्धत रूढ केली. पिन बसवण्याआधी कुणी ऑपरेटरकडं डॉक्टरचं सर्टिफिकेट मागितल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

हे शहाणपण गेटच्या आतच राहतं. मध्यंतरी एका बँकेत कर्जाच्या कागदांसाठी गेलो होतो. काउंटरवरच्या बाईंनी एका दमात सांगितलं, "वर साहेबांची सही घ्या, खाली येऊन झेरॉक्स काढा, दोन फोटो चिकटवा, तीन नंबरला चलन भरा आणि मग माझ्याकडं या." जिना चढेपर्यंत माझ्याजवळ फक्त साहेब उरले होते. परत विचारलं, तर "आत्ताच सांगितलं न्हवं?" आणि मागच्या रांगेत खसखस. याच चार ओळी लिहून काचेवर लावल्या, तर माझ्याबरोबर रांगेतल्या म्हाताऱ्या माणसांचंही काम हलकं होईल. बाईंचा घसा वाचेल तो वेगळाच.

कायद्याकडून फार आशा ठेवावी अशी स्थिती नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात स्वमग्नता आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचं नाव नाही. त्याचं एक औषध, मिथाइलफेनिडेट, शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक निर्बंधांच्या औषधांच्या यादीत, येतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, त्यातली एक दुकानदारानं दोन वर्षं जपून ठेवायची, आणि विकायला परवानाही वेगळा. गैरवापर होऊ शकतो, त्यामुळं नियमाला माझा विरोध नाही. पण मोजक्याच मेडिकलमध्ये ते मिळतं, आणि जिथं मिळत नाही तिथला पोरगा चिठ्ठी वाचून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळतो. मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यावं, असं २०१७चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. ठीक आहे. पण बहुतेक पॉलिसी ॲडमिट झालं तरच पैसे देतात, आणि समुपदेशनासाठी कोण ॲडमिट होतंय?

आमच्या गल्लीत एक स्वमग्न मुलगा आहे. विसर्जनाची मिरवणूक घराखालून जाऊ लागली आणि डॉल्बीनं खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या, की तो न्हाणीत जातो, आतून कडी लावतो आणि नळ पूर्ण सोडून बादलीजवळ बसतो. पाण्याच्या आवाजात बाहेरचा आवाज बुडवायचा, ही युक्ती त्याची त्यानंच शोधलेली. आई दाराला टेकून बाहेर उभी असते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती मंडळांना पाठ आहे, पोलिसांनाही पाठ आहे.

मी स्वतः तालमीत वाढलो, लेझीम खेळलो. मिरवणूक बंद करा, हे माझ्या तोंडून निघणार नाही. डॉल्बी बंद झाली तर मात्र पेढे वाटीन. ते होईल तेव्हा होवो. निदान कुठली मिरवणूक आपल्या गल्लीतून साधारण किती वाजता जाणार, एवढं प्रत्येक तालमीनं आदल्या दिवशी आपल्या फलकावर लिहावं. वेळ कळली तर ती माउली पोराला घेऊन कळंब्याला बहिणीकडं जाऊन बसेल. आज काहीच कळत नाही, म्हणून ते घर सकाळपासून दारं-खिडक्या लावून असतं. फलक तर प्रत्येक तालमीपुढं आहेच. त्यावर वाढदिवस येतात, निवडी येतात, निधन येतं. दोन ओळींची जागा त्यात निघेल.

शाळांविषयी इथं लिहीत नाही, तो वेगळ्या पत्राचा विषय आहे. कुणाला लगेच बोलायचं असेल तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे.

माझं नाव आणि पत्ता सोबत दिला आहे. तो छापू नये, ही विनंती. धाकट्या भावासाठी स्थळं बघणं चालू आहे आणि घरच्यांनी त्या अटीवरच पत्र पाठवू दिलं आहे.

आपला,
एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर